बेसबॉल-रेफरन्सचं मायनर लीग रजिस्टर: महायुद्धाने खेळ थांबवलेल्या फलंदाजांसाठी कितपत कामाचं?

दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या अमेरिकी मायनर लीगच्या एखाद्या फलंदाजाचा माग काढायचा तर सुरुवात बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावरूनच होते. मेजर लीगचे (म्हणजे मायनर लीगच्या वरच्या, सर्वोच्च स्तराचे) खेळाडू तिथे आहेतच, पण खरा खजिना आहे तो ‘रजिस्टर’ या विभागात. ज्यांनी मेजर लीगचं तोंडही पाहिलं नाही अशांची पानं तिथे आहेत. गाव, लीग, सामने, हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका), होम रन (सगळे बेस फिरून धाव मिळवून देणारा फटका), सगळं वर्षावार. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. निकाल आधीच सांगायचा तर आकड्यांसाठी पाचपैकी साडेचार तारे, आणि युद्धाची वर्षं समजून घेण्यासाठी जेमतेम अडीच. इतका फरक का, आणि उरलेली उणीव कुठून भरून काढायची, ते पुढे.

उदाहरणाला जो बाउमन घ्यावा. शोधाच्या चौकटीत नाव टाका, थेट रजिस्टरचं पान उघडतं, कारण तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिली ओळ 1941 ची: वय 19, आर्कान्सामधलं न्यूपोर्ट, क्लास डी (तेव्हाचा सर्वांत खालचा वर्ग), सरासरी .215, होम रन 3. त्याच्या खालची ओळ एकदम 1946 ची: टेक्सासमधलं अमरिलो, सरासरी .301, होम रन 48, आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर निघालेल्या धावा) 159. एकोणीस वर्षांचा चाचपडणारा पोरगा आणि अठ्ठेचाळीस होम रन मारणारा चोविशीतला गडी, यांच्यामध्ये पानावर फक्त एक बारीक रेघ आहे. 1942 ते 1945 ही वर्षं कोऱ्या ओळींच्या रूपातही दिसत नाहीत. ती सरळ गळालेली असतात. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटतात ती यामुळेच, म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी की वर्षाचा रकाना वरून खाली बोट ठेवून वाचायचा.

आता त्याच पानावर आणखी खाली या. 1947 ला अमरिलो, 38 होम रन. 1948 ला ईस्टर्न लीगमधलं हार्टफर्ड, 10 होम रन. आणि मग पुन्हा उडी, थेट 1952. तिथून आर्टिझिया या न्यू मेक्सिकोतल्या गावासाठी 50 आणि 53, आणि 1954 मध्ये रॉझवेलसाठी 72. हा 72 चा आकडा म्हणजे मायनर लीगमधला एका हंगामाचा विक्रम. 138 सामने, 498 ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजलेल्या खेपा), 199 हिट, सरासरी .400. (बेसबॉलची सरासरी म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट; क्रिकेटसारखी धावा भागिले बाद नव्हे. भागाकार .3996 येतो, तो .400 असा छापतात.) शेवटचे तीन होम रन 5 सप्टेंबर 1954 ला, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, आर्टिझियातल्या डबल-हेडरमध्ये (एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने) आले. एकूण हिशेब 1,019 सामन्यांत 337 होम रन, सरासरी .337.

पानावर दोन भगदाडं आहेत आणि दिसायला दोन्ही हुबेहूब सारखी. पहिलं युद्धाचं. बाउमन तेव्हा नौदलात होता, ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या तळावर. दुसऱ्याचा युद्धाशी काडीचा संबंध नाही. 1949 ते 1951 तो मेजर लीगमधल्या ब्रेव्ह्ज संघाच्या व्यवस्थेतून (हार्टफर्ड त्याच व्यवस्थेतलं) बाहेर पडून ओक्लाहोमातल्याच एल्क सिटीसाठी सेमी-प्रो, म्हणजे अर्धव्यावसायिक, बेसबॉल खेळत होता. सेमी-प्रो संघ संघटित बेसबॉलच्या कक्षेबाहेरचे, म्हणून रजिस्टरमध्ये त्यांना जागा नाही. तळावरच्या संघांचंही तेच. ग्रेट लेक्स, नॉरफोक अशा नौदल केंद्रांवर तगडे संघ होते, मेजर लीगचे खेळाडू त्यात होते, पण त्या सामन्यांचा एक हिटही इथे मोजलेला नाही. मेख इथेच आहे. रजिस्टर सांगतं की हा माणूस त्या वर्षी नोंदलेल्या लीगमध्ये खेळला नाही. तो कुठे होता, हे ते सांगत नाही. आणि वाचणारा मात्र 1943 हा आकडा पाहिला की मनातल्या मनात ‘सैन्यात गेला’ असं लिहून मोकळा होतो.

तसं लिहू नये, कारण त्या काळात फलंदाज गायब व्हायला सैन्य हे एकच कारण नव्हतं. 1941 मध्ये 41 मायनर लीग होत्या, 1943 मध्ये उरल्या 10. त्यातलीही एक, डुलुथ-सुपीरियर भागातली ट्विन पोर्ट्स लीग, हंगामाच्या मधेच बंद पडली. टेक्सास लीगसारखी वरच्या दर्जाची लीग 1943 ते 1945 चक्क कुलूप लावून बसली होती. बाउमन ज्या नॉर्थईस्ट आर्कान्सा लीगमध्ये खेळला ती तर 1941 नंतर उरलीच नाही. म्हणजे तो नौदलात गेला नसता तरी 1942 ला न्यूपोर्टची ओळ दिसली नसती. शिवाय बरेच जण विमानांच्या, जहाजांच्या कारखान्यात कामाला लागले आणि कारखान्याच्या संघातून खेळत राहिले. काहींना संघाने नुसतं सोडून दिलं. चारही प्रकारच्या लोकांची पानं सारखीच दिसतात.

मेजर लीगमध्ये थोडा वेळ का होईना खेळलेल्यांच्या पानांवर परिस्थिती बरी आहे. तिथे गळालेल्या वर्षासमोर लष्करी सेवेमुळे खेळला नाही अशी ओळ बऱ्याचदा दिलेली असते. एडी रॉबिन्सनचं पान पाहा. 1942 मध्ये बाल्टिमोरसाठी 27 होम रन, त्याच वर्षी क्लीव्हलंडसाठी मेजर लीगमध्ये पदार्पण, मग 1943 ते 1945 नौदल, 1946 ला पुन्हा बाल्टिमोर, 34 होम रन आणि इंटरनॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तीन वर्षांची जागा तिथे नावानिशी भरलेली आहे. तरीही, मधल्या काळात पायातली गाठ काढायच्या शस्त्रक्रियेत नस दुखावली आणि गडी चालेल की नाही इथपर्यंत वेळ आली, हे कुठल्या रकान्यात बसणार? त्यासाठी सेबर या बेसबॉल-संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरची चरित्रं वाचावीत. तीही फुकट आहेत, आणि मायनर लीगच्या लोकांसाठी आश्चर्य वाटावं इतकी तपशीलवार.

रॉबिन्सनच्याच पानावर आणखी एक सापळा आहे, नवखा हमखास त्यात पडतो. लेव्हलच्या रकान्यात 1942 ला ‘एए’ आणि 1946 ला ‘एएए’. वाटतं, परत आल्यावर बढती मिळाली. प्रत्यक्षात शहर तेच, संघ तोच, लीग तीच. 1945 पर्यंत एए हीच सर्वांत वरची पायरी होती. तिच्याखाली ए-1, मग ए, बी, सी, डी. 1946 पासून एएचं नाव एएए झालं आणि ए-1 चं एए. म्हणजे 1942 चा एए आणि 1952 चा एए या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नेमक्या युद्धाच्या दोन्ही बाजूंना ही नावं बदलली, त्यामुळे ज्याची कारकीर्द मधे तुटली त्याच्याच पानावर हा घोटाळा सगळ्यात जास्त दिसतो. वर्गाच्या अक्षराकडे न बघता लीगचं नाव वाचावं. इंटरनॅशनल लीग, अमेरिकन असोसिएशन आणि पॅसिफिक कोस्ट लीग या तिघी दोन्ही काळांत सर्वांत वरच. (वर सांगितलेली ट्विन पोर्ट्स लीग क्लास ई होती. या दर्जाची आजवरची ती एकमेव लीग, म्हणून कुठे ‘ई’ दिसला तर टायपाची चूक समजू नका.)

आकड्यांबद्दल. सामने, ॲट-बॅट, हिट, दुहेरी, तिहेरी, होम रन हे डोळे झाकून घ्यावेत असे. खालच्या वर्गांत आरबीआय, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) यांचे रकाने मात्र कधी रिकामे असतात, कारण त्या काळच्या वार्षिक गाइडमध्ये ते छापलेच नव्हते. वॉकचा रकाना रिकामा असेल तर ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण) आणि ओपीएस (त्यावर आधारलेला एकत्रित आकडा) यांच्याकडे बघूच नये. रिकामा म्हणजे शून्य नव्हे. दुसरी गोष्ट, गाइडमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळलेल्यांची बऱ्याचदा नुसती नावं असत, आकडे नसत. युद्धाच्या बाबतीत हे फार नडतं. मे महिन्यात भरतीचं पत्र आलं आणि आठ सामने खेळून माणूस गेला, तर तो हंगाम रजिस्टरमध्ये पुसट तरी येतो किंवा येतच नाही. मग शेवटचं वर्ष 1941 दिसतं, खरं असतं 1942.

आकडे स्वतःच्या तक्त्यात घ्यायचे असतील तर टेबलाच्या वर ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’ आहे, त्यातून सीएसव्ही (तक्त्यात उघडणारी फाइल) मिळते. पण एका वर्षात दोन संघांकडून खेळलेल्याची एक एकत्रित ओळ आणि शिवाय प्रत्येक संघाची स्वतंत्र ओळ अशा तीन ओळी येतात. सरसकट बेरीज मारली की तो हंगाम दुप्पट होतो. ‘2 टीम्स’ लिहिलेली ओळ आधी काढून टाका. फोनवर हे पान वापरू नये असं स्पष्ट मत आहे. टेबल आडवं सरकवावं लागतं, वर्षाचा आणि होम रनचा रकाना एका वेळी डोळ्यांसमोर राहत नाही, त्यात जाहिराती.

नावांचा गोंधळ हा या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा. जुन्या क्लास डी संघांतल्या कित्येकांचं नुसतं आडनाव नोंदलेलं आहे. एकाच माणसाची दोन पानं असू शकतात, युद्धाआधीचं एक आणि नंतरचं एक. कारण पाच वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, टोपणनावाने परतलेला माणूस तोच आहे हे जुळवणार कोण? उलटही होतं, दोन माणसं एका पानावर. पानाच्या पत्त्यात आडनावाच्या अक्षरांनंतर तीन आकडी क्रमांक असतो, 001, 002 असा. क्रमांक 001 च्या पुढे असेल तर समजावं की नावासारखी नावं आहेत आणि सगळी पानं एकदा उघडून पाहावीत.

बाप-लेकांच्या नावांत तर हे हटकून होतं. बिली साउथवर्थ म्हटलं की आधी समोर येतो तो सेंट लुई कार्डिनल्सचा प्रसिद्ध व्यवस्थापक, जो स्वतःही मेजर लीगमध्ये आउटफिल्डर होता. युद्धात ज्याची कारकीर्द संपली तो त्याचा मुलगा, बिली साउथवर्थ ज्युनियर. हाही आउटफिल्डर. 1939 मध्ये कॅनेडियन-अमेरिकन लीगमध्ये रोम या न्यूयॉर्क राज्यातल्या गावासाठी, 1940 मध्ये टोरांटोसाठी खेळला आणि त्याच वर्षाअखेरीस हवाई दलात दाखल झाला, पर्ल हार्बरच्या एक वर्ष आधी. युरोपात बी-17 विमानावर पंचवीस मोहिमा करून परतला आणि 15 फेब्रुवारी 1945 ला न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगच्या उपसागरात बी-29 कोसळून गेला. त्याच्या पानावर खेळाची शेवटची ओळ 1940 ची. मृत्यूची तारीख वरच्या माहितीत असते, तेवढाच धागा. ती आधी वाचायची सवय ठेवावी. एल्मर गेडिअनच्या पानावरही असंच. वॉशिंग्टनसाठी 1939 मध्ये पाच सामने, 15 ॲट-बॅटमध्ये 3 हिट, 1940 ला पीडमॉन्ट लीगमध्ये शार्लट, आणि वर मृत्यूची तारीख 20 एप्रिल 1944, ठिकाण फ्रान्स. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या मेजर लीगच्या दोघांपैकी हा एक. मायनर लीगचे मात्र शंभराहून जास्त गेले.

आता पानावर जे नाही ते कसं भरायचं. यातली पहिली जागा म्हणजे स्पोर्टिंग न्यूज या साप्ताहिकाची करारपत्रांची कार्डं. ती लॉस एंजेलिसच्या एलए-84 संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट पाहता येतात. एका खेळाडूचं एक कार्ड, त्यावर तारीख, संघ आणि काय झालं ते. विकला, सोडला, निलंबित, आणि आपल्या कामाचा शेरा म्हणजे नॅशनल डिफेन्स सर्व्हिस लिस्ट. सैन्यात गेलेल्याला संघ या यादीत टाकत असे, मग त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहायचा आणि खेळाडूंच्या मर्यादित संख्येत तो धरला जात नसे. हा शेरा सापडला की प्रश्न मिटला. पण ‘व्हॉलंटरिली रिटायर्ड’ असा शेरा असेल तर थांबा. घरच्या शेतीसाठी किंवा कारखान्याच्या नोकरीसाठी खेळ सोडणाऱ्यांवरही तोच शिक्का बसे. कार्डं हाताने लिहिलेली, संक्षेपांनी भरलेली आहेत आणि शोध नावावरच चालतो, म्हणून आडनावाची दोन-तीन स्पेलिंग वापरून पाहावीत.

दुसरी जागा, भरतीसाठीच्या नोंदणीची कार्डं. ही फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, फक्त खातं उघडावं लागतं. इथे तारखा माहीत असल्या की काम सोपं होतं. पहिली नोंदणी 16 ऑक्टोबर 1940, वय 21 ते 35. दुसरी 1 जुलै 1941, मधल्या काळात 21 पूर्ण केलेल्यांसाठी. तिसरी 16 फेब्रुवारी 1942. पाचवी 30 जून 1942, अठरा ते वीस वर्षांच्या पोरांसाठी. (चौथी 45 च्या पुढच्यांची होती, फलंदाजांच्या शोधात ती विसरावी.) कार्डावर मालकाचं नाव लिहायची ओळ असते. आता विचार करा: ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे हंगामाबाहेरचे महिने. तेव्हा नोंदवलेल्याच्या कार्डावर कापसाची गिरणी, किराणा दुकान, बापाची शेती असं काही सापडेल. जून-जुलै मात्र ऐन हंगाम, त्यामुळे त्या कार्डांवर बेसबॉल क्लबचं नाव मिळण्याची शक्यता जास्त. जन्मतारीख, जन्मगाव आणि जवळच्या नातलगाचं नाव याच कार्डावर मिळतं, आणि एकसारख्या नावाची दोन माणसं वेगळी करायला याहून सरळ साधन नाही. जो नोंदणीच्या दिवशी आधीच गणवेशात होता त्याचं कार्ड नसतं, एवढं ध्यानात असू द्यावं.

तिसरी जागा, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन यादी, ज्यात दुसऱ्या महायुद्धात लष्करात भरती झालेल्या सुमारे 90 लाख जणांच्या नोंदी आहेत. फुकट. भरतीचा दिवस, ठिकाण, जन्मवर्ष, शिक्षण, नागरी व्यवसाय. व्यवसायाच्या संकेतांत खेळाडू, क्रीडा प्रशिक्षक आणि पंच यांचा एक गट आहे, तो दिसला की आनंद व्हावा. नाही दिसला तर निराश होऊ नये, कारण मायनर लीगचा फलंदाज वर्षातले पाच-सहा महिनेच खेळाडू असे. इथे तीन ठिकाणी घोडं पेंड खातं. ही यादी फक्त लष्कराची आहे, हवाई दल तेव्हा लष्कराचाच भाग म्हणून त्यात आलं, पण नौदल आणि मरीन नाहीत. बाउमन किंवा रॉबिन्सन इथे शोधत बसलात तर हात हलवत परत याल. दुसरं, मूळ पंचकार्डांच्या फिल्मवरून यंत्राने वाचलेली ही माहिती आहे, अक्षरं चुकतात, काही रिळं वाचताच आली नाहीत. आडनावाने नाही सापडला तर जन्मवर्ष आणि काउंटी टाकून यादी काढा आणि नजरेने चाळा. तिसरं, वजनाचा रकाना वजन म्हणून वाचू नका. काही कार्डांवर तिथे सैन्याच्या वर्गीकरण चाचणीचे गुण भरलेले आहेत. तीन अंकी आकडा पाहून फलंदाजाची अंगकाठी ठरवणारे लेख नेटवर सापडतात, ते वाचून हसावं आणि सोडून द्यावं.

भरतीची तारीख मिळाली, पण सुटका कधी झाली हे या यादीत नसतं. सैन्यातल्या सेवेची मुदत म्हणून ‘युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने’ एवढंच. फलंदाजाच्या दृष्टीने सुटकेची तारीखच जास्त मोलाची. लष्कराने मे 1945 पासून गुणांवर सोडायला सुरुवात केली, आधी 85 गुणवाल्यांना. कोणी ऑगस्टमध्ये सुटून शेवटचे वीस सामने खेळला, कोणी 1946 चा एप्रिल-मे उलटल्यावर आला आणि सराव शिबिराशिवाय मैदानात उतरला. रजिस्टरवर दोघांचीही पहिली ओळ लंगडी दिसते आणि ‘युद्धाने खेळ बिघडवला’ असा निष्कर्ष निघतो. सामन्यांची संख्या आधी पाहा. शंभराच्या खाली असेल तर सरासरीवर बोलू नका, तारीख शोधा.

ती तारीख सेंट लुईमधल्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राकडून मिळते. सेवामुक्तीला 62 वर्षं उलटली की फाइल सार्वजनिक होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सगळ्यांच्या फाइल आता कुणालाही मागवता येतात. एसएफ-180 हा फॉर्म भरायचा. फी पाच पानांपर्यंतच्या फाइलला 25 डॉलर, सहा पानं किंवा त्याहून जास्त असतील तर 70 डॉलर. पण मागवण्याआधी दल कोणतं ते पक्कं करा. 12 जुलै 1973 ला या केंद्राला लागलेल्या आगीत 1912 ते 1960 दरम्यान सेवामुक्त झालेल्या लष्करी लोकांच्या सुमारे 80 टक्के फाइल जळाल्या. नौदल आणि मरीनच्या फाइल वाचल्या. म्हणून नौदलातल्या फलंदाजासाठी 70 डॉलर खर्च करायला हरकत नाही. लष्करातल्यासाठी आधी त्याच्या गावचं वर्तमानपत्र चाळावं. टेक्सासच्या संघांसाठी ‘पोर्टल टु टेक्सास हिस्टरी’ आणि एकूण देशासाठी काँग्रेस ग्रंथालयाचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ ही दोन्ही फुकट आहेत. 1946 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक गावच्या पेपरात कोण परत आला याची बातमी असतेच, बऱ्याचदा सुटकेच्या गावासकट.

परत आल्यानंतरच्या शेवटच्या ओळीबद्दलही रजिस्टर मुकं आहे. अल नीमिएक हा दुसऱ्या बेसचा खेळाडू नौदलातून परतून 1946 ला सिॲटल रेनियर्सकडे आला आणि हंगाम नुकताच सुरू झाला असताना त्याला सोडण्यात आलं. पानावर ते 35 वर्षांच्या माणसाचा स्वाभाविक शेवट वाटतो. प्रत्यक्षात त्याने खटला भरला. 1940 च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात परतलेल्या सैनिकाला जुनी नोकरी एक वर्षासाठी देण्याची तरतूद होती. बेसबॉलवाल्यांनी स्वतःपुरता नियम केला होता: सराव शिबिरात 30 दिवस किंवा हंगामात 15 दिवस संधी द्यायची, बस्स. सिॲटलच्या न्यायालयात न्यायाधीश लॉइड ब्लॅक यांनी नीमिएकच्या बाजूने कौल दिला आणि हंगामाचा पगार त्याला मिळाला पाहिजे असं सांगितलं. 1946 मध्ये थोडेच सामने आणि मग काही नाही, असं पान दिसलं तर ‘हात गेला, नजर गेली’ म्हणण्याआधी हा निकाल आठवावा.

युद्धाने किती होम रन खाल्ले याचा अंदाज बांधायची हौस सगळ्यांनाच असते. रजिस्टरमध्ये त्यासाठी काही सोय नाही, आणि नाही तेच बरं. दोन्ही बाजूंच्या हंगामांची सरासरी काढून मधली वर्षं भरायची रीत बाउमनला लावली तर 3 आणि 48 यांच्यामधून वर्षाला पंचवीस-सव्वीस होम रन निघतात, ज्याला काहीही अर्थ नाही. एक आकडा क्लास डीमधल्या एकोणीस वर्षांच्या पोराचा, दुसरा क्लास सीमधल्या चोवीस वर्षांच्या माणसाचा, तोही अमरिलोत. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फुटांवर आहे, हवा कोरडी, वारा जोराचा. त्याच अमरिलोसाठी बॉब क्रूसने 1948 मध्ये 69 होम रन आणि 254 आरबीआय केले. म्हणून फलंदाजाच्या पानावरून लीगच्या नावावर क्लिक करून त्या वर्षाचं लीगचं पान जरूर उघडावं. संघांच्या एकूण धावा आणि होम रन तिथे असतात. चेंडू सगळ्यांच्याच बॅटवरून उडत होता की याच्याच, हे दोन मिनिटांत कळतं. त्याच्या जोडीला एज-डिफ हा रकाना वाचा. लीगच्या सरासरी वयापेक्षा खेळाडू किती लहान किंवा मोठा होता ते त्यात असतं. युद्धाआधी उणे असलेला आकडा युद्धानंतर अधिक झालेला दिसला, तर वरच्या लीगचे शोधक त्याच्याकडे का फिरकले नाहीत याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. हॉवी मॉसने बाल्टिमोरसाठी 1944, 1946, 1947 आणि 1948 अशी चार वर्षं इंटरनॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले, 1947 ला तर 53. मधलं 1945 सैन्यात गेलं. त्याच्या बाबतीत दोन्हीकडची वर्षं एकाच संघाची आणि एकाच लीगची असल्याने थोडाफार अंदाज बांधता येतो. अशी पानं फार थोडी.

चूक सापडली तर पानाच्या तळाशी सूचना पाठवायची सोय आहे. ‘हा आणि तो एकच’ एवढं लिहून भागत नाही. दोन्ही पानांचे पत्ते, जन्मतारखेचा पुरावा म्हणून नोंदणी कार्डाची प्रत, आणि दोन्ही काळांतला संघ एकत्र सांगणारी वर्तमानपत्राची तारखेसह कात्रणं जोडावीत. करारपत्राचं कार्ड दोन्ही बाजूंचं एकच असेल तर ते सर्वांत आधी जोडावं, कारण युद्धाआधीचा आणि नंतरचा संघ एकाच कागदावर बहुधा तिथेच सापडतो.